मदत हवी आहे: एक बोट, सहा कारागीर, कोणी कोणाच्या आधी हात घालायचा?

नमस्कार मंडळी,

३८ फुटी फायबरची बोट, आत डिझेल इंजिन, वय साधारण २५ वर्षं. एका मित्रासोबत भागीत घेतली. पाच महिने यार्डात ठोकळ्यांवर उभी आहे. इंजिन उघडून दुरुस्त करून आणलंय, ते खाली ताडपत्रीखाली पडून आहे. सुतार, फायबरवाला, मेकॅनिक, वेल्डर, इलेक्ट्रिशियन आणि रंगारी अशी सहा माणसं आलटूनपालटून येतात. यार्ड फक्त जागा आणि क्रेन देतं, कारागीर आम्हीच एकेक करून गोळा केलेत. कोणाच्या कामाला नावं ठेवायला हा धागा नाही, सगळे आपापल्या कामात पक्के आहेत. पण एकाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं तिथे रोज काहीतरी फिसकटतं, आणि निवाडा करायला मी! मला यातलं ओ की ठो कळत नाही.

ताजा किस्सा ओट्याचा. सुताराने केबिनमध्ये सिंकसकट ओटा बसवला. १.८० मीटर लांब, बोटीच्या लांबीच्या दिशेने. वस्तू घसरू नयेत म्हणून कडेला लाकडाची उभी पट्टी, आणि कोपऱ्यातला सांधा नख फिरवूनही लागत नाही. मी दोन दिवस येईल त्याला दाखवत होतो.

तिसऱ्या दिवशी रंगारी पाणरेषा, म्हणजे बोट पाण्यात जिथवर बुडते ती रेघ, आखायला आला. पारदर्शक नळीत पाणी भरलं, एक टोक स्वतः नाळेपाशी, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, धरलं, दुसरं मागे माझ्या हातात दिलं. जुन्या पाणरेषेची खूण दोन्हीकडे होतीच. नळीतलं पाणी स्थिरावल्यावर तो म्हणाला, "शेठ, बोट पुढून उचललीय." १० मीटरमागे १४ सेंटिमीटर! म्हणजे सुताराने यार्डात लेव्हल लावून अगदी सपाट केलेला ओटा पाण्यात गेल्यावर नाळेकडे अडीच सेंटिमीटर उतरणार, आणि सिंकचं भोक आहे नेमकं मागच्या टोकाला. सुतार म्हणतो, "माझी लेव्हल खोटं बोलत नाही." तेही खरंच. बोट ठोकळ्यांवर चढवली तेव्हा ती सरळ बसली की नाही हे बघणं कोणाचं काम होतं, याचं उत्तर सहाही जणांकडे नाही.

दुसरं प्रकरण इंजिनाचं, आणि खरी मदत इथे हवी आहे. मेकॅनिक म्हणतो इंजिन आत्ताच उतरवू, पंख्याच्या शाफ्टचं कपलिंग (इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या दोन तबकड्या) जुळवू, बोल्ट आवळू, माझा हिशेब मिटवा. फायबरवाला म्हणतो थांबा. इंजिन ज्या दोन लांब बेडवर बसतं त्यांच्यावर त्याने हातोडीच्या दांड्याने ठोकून दाखवलं. पुढे टणटण वाजतं आणि मागच्या हातभर भागात बद्द. आत लाकूड आहे, ते ओलं झालंय असं त्याचं मत. यावर मेकॅनिक : "२५ वर्षं टिकलं ते आता काय पळून जाणारे?"

बाकी किरकोळ. तारा ओढायच्या आधीच आतल्या भिंतींच्या फळ्या लागल्या. आणि वेल्डरने रेलिंगचे पाय सिलिकॉन लावून बसवले, तर रंगाऱ्याने ती ट्यूब उचलून थेट शेडच्या बाहेर भिरकावली. का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मेकॅनिकचं ऐकू की फायबरवाल्याचं? आणि कामांचा क्रम काय असावा? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

बरीच वर्षं यार्डात मुकादमी केली आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ओटा सोडवा, पण आज नको. आधी बोट सरळ करून घ्या. हे काम यार्डाच्या लोकांकडूनच करून घ्या. बोटीचं वजन खालच्या कीलवर, म्हणजे तळाच्या कण्यावर, असतं, बाजूचे टेकू तिला फक्त कलंडू देत नाहीत. हौसेने टेकूच्या स्क्रूला पाना लावून बोट उचलायला जाल तर टेकू फायबरमधून आत येईल. समोरासमोरचे टेकू साखळीने बांधलेत ना, तेही बघा. सरळ झाली की पाण्याच्या नळीने सगळ्या केबिनमध्ये एकच आडवी रेघ मारा, पाणरेषेला समांतर. तिथून पुढे सगळ्यांनी त्या रेघेवरून मापं घ्यायची, आपापल्या लेव्हलवरून नाही. टेकू पुन्हा हलले तरी ती रेघ बोटीसोबतच राहते.

आता इंजिन. यार्डात कपलिंग जुळवणं म्हणजे कच्चं जुळवणं. ठोकळ्यांवर बोटीचं अंग वेगळं बसतं, पाण्यात वेगळं. पक्कं काम बोट पाण्यात एकदोन दिवस राहिल्यावर, टाक्या नेहमीसारख्या भरून. कपलिंगचे बोल्ट सोडायचे, दोन्ही तबकड्या जेमतेम टेकवायच्या आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फीलर गेज (ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्या) घालून फट मोजायची. आमचा ठोकताळा असा: तबकडीच्या व्यासाच्या दर इंचाला एक हजारांश इंच. तुमची ४ इंची असेल तर चारही ठिकाणच्या फटींत ४ हजारांशपेक्षा, म्हणजे ०.१ मिलिमीटरपेक्षा, जास्त फरक नको. मग इंजिनाची बाजू तशीच ठेवून शाफ्टची तबकडी पाव फेरा फिरवून परत मोजा. मोठी फट जागची हलली नाही तर इंजिन सरकवायचं आहे. फट शाफ्टबरोबर फिरली तर शाफ्ट किंवा त्याची तबकडीच वाकडी आहे, मग इंजिन कितीही हलवा, उपयोग शून्य.

तेव्हा मेकॅनिकचा शेवटचा हिशेब बोट पाण्यात गेल्यावरच. हे त्याला आधी सांगितलं असतं तर तोही चिडला नसता.

प्रतिसाद २

फायबरचं काम करतो. तुमचा फायबरवाला बरोबर आहे. ओल्या लाकडात इंजिनाचे बोल्ट धरत नाहीत. आज ०.१ मिलिमीटरवर जुळवाल, महिन्याभरात थरथर सुरू होईल आणि मेकॅनिक, शाफ्टवाला, पंखावाला एकमेकांकडे बोट दाखवतील. खात्री करायची तर बद्द वाजणाऱ्या भागात, बेडच्या तळाशी, ६ मिलिमीटरचं भोक पाडा. भुसा कोरडा फिकट आला तर फायबरवाल्याला मेकॅनिकची, त्याला चहा पाजून, माफी मागायला लावा. काळपट लगदा आला तर बेड उघडा.

फायबर बसवायला एपॉक्सी (दोन भाग मिसळले की घट्ट होणारी राळ) वापरणार असाल तर एक लक्षात ठेवा. घट्ट झाल्यावर त्यावर कधी कधी मेणासारखा बुळबुळीत थर येतो. तो आधी पाण्याने घासून धुवायचा, मगच घासकागद. उलटं केलं तर तो थर पसरतो आणि पुढचा हात सुटून येतो. आणि जुन्या पॉलिएस्टरवर (फायबरच्या बोटींत वापरतात ती दुसरी राळ) एपॉक्सी छान धरतं, पण एपॉक्सीवर पॉलिएस्टर भरवशाचं नाही. म्हणजे एकदा एपॉक्सीकडे वळलात की तिथे पुढेही तेच.

प्रतिसाद ३

सिलिकॉनबद्दल : रंगाऱ्याचं डोकं फिरलेलं नाही. सिलिकॉनचा नुसता हात लागलेल्या जागीही रंग फाटतो, माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात, आणि साध्या पुसण्याने ते जात नाही. रंग होईपर्यंत शेडमध्ये ती ट्यूब येऊच देऊ नका. रेलिंगला नंतरही पॉलियुरेथेन किंवा ब्यूटिल वापरा.

फळ्या काढायच्याच आहेत तर तारांसाठी आत पाइप टाकून घ्या, उद्या एक तार वाढवायला भिंत नको उघडायला. तार बारीक तारांची, कल्हईची हवी. घरातली एकेरी जाड तार थरथरीने तुटते.

प्रतिसाद ४

ओट्याचं वाचून स्टॉकहोमचं वासा जहाज आठवलं. १६२८ साली पहिल्याच सफरीत जेमतेम १३०० मीटर जाऊन बुडालं. पुढे जहाजात सुतारांच्या चार मोजपट्ट्या सापडल्या. दोन स्वीडिश फुटाच्या, दोन ॲमस्टरडॅमच्या, आणि एका फुटात १२ इंच तर दुसऱ्यात ११. जहाजाची एक बाजू दुसरीपेक्षा जाड आहे. बुडण्याचं मुख्य कारण वर जड, खाली हलकं हे होतं, पट्ट्यांवर सगळं खापर फोडू नये. पण तुमच्या सुताराला सांगा, तो एकटा नाही.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. काल भोक पाडलं. पहिल्यांदा भुसा आलाच नाही, चहाच्या रंगाचं पाणी ड्रिलवरून ओघळून मेकॅनिकच्या चपलेवर पडलं. तो काही बोलला नाही, गेला आणि इंजिनावरची ताडपत्री नीट बांधून आला. बेड उघडायचं ठरलं. यार्डवाले सोमवारी बोट सरळ करून देणार. सुताराने ओटा स्वतःच सोडवला, आम्हाला हात लावू दिला नाही.

आता नवीन पेच. बेडच्या मागच्या टोकापर्यंत पोचायचं तर डिझेलची लोखंडी टाकी काढावी लागेल, आणि ती दारातून निघत नाही. बहुतेक डेक लावायच्या आधीच आत ठेवली असावी. वेल्डर म्हणतो टाकी रिकामी करतो आणि आतल्या आत कापून तुकडे काढतो. सुतार म्हणतो डेक कापा. काय करावं?

प्रतिसाद १

वेल्डरला आजच थांबवा. रिकामी टाकी म्हणजे सुरक्षित टाकी नव्हे, आत डिझेलची पेट घेणारी वाफ असते आणि तळाला गाळ. कापायचीच तर आधी धुऊन, वाफ काढून, आतली हवा मीटरने तपासून, आणि तपासणाऱ्याने तसं लिहून दिल्यावरच. शिवाय बाजूला फायबरची धूळ, एपॉक्सीचे डबे, सुताराचा भुसा. १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर नॉर्मंडी या प्रचंड जहाजाचं रूपांतर चालू होतं. कटिंगच्या ठिणग्या लाइफ जॅकेटच्या ढिगावर पडल्या, आणि विझवायला मारलेल्या पाण्याच्या वजनाने जहाज शेवटी आडवं झालं.

मी असतो तर डेक कापला असता. फायबरचा डेक सरळ रेषेत कापून परत जोडता येतो, आणि तुमचा फायबरवाला हाताशी आहेच. कापायच्या आधी खालून बघा, कापाच्या रेषेत आडवी तुळई यायला नको. भोक इतकं मोठं ठेवा की नवी टाकी आणि इंजिन दोन्ही तिथूनच उतरतील, आणि जोडताना तिथे बोल्टचं झाकण करून घ्या. क्रेन सोमवारी येतेच आहे ना? मग रविवारी रेघ मारून ठेवा.