मदत हवी आहे: मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा थर उचलताना फाटतोय

नमस्कार मंडळी. ट्यूब फर्नेसमध्ये मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइड आणि गंधकाची पूड घेऊन, आर्गॉनच्या प्रवाहात ७५० अंश सेल्सिअसच्या आसपास मॉलिब्डेनम डायसल्फाइड या अर्धवाहकाचा अतिपातळ थर वाढवतोय. ३०० नॅनोमीटर ऑक्साइड असलेल्या सिलिकॉनवर त्रिकोण सुंदर येतात, कडा अगदी सरळ. रामन वर्णपटातल्या (लेसरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून पदार्थ ओळखण्याची चाचणी) दोन शिखरांतलं अंतर १९ प्रति सेंटीमीटरच्या जवळपास, म्हणजे थर एकच. इथवर समाधान आहे.

अडचण पुढे आहे. ट्रान्झिस्टरसाठी हे थर दुसऱ्या वेफरवर (सिलिकॉनच्या चकतीवर) न्यायचेत. वर पीएमएमए हा पॉलिमर (पारदर्शक प्लास्टिक) लावून केओएचच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) द्रावणात सोडतो, फिल्म तरंगते, पाण्यात धुऊन नव्या वेफरवर घेतो. पण अ‍ॅसिटोनने पीएमएमए काढला की मधोमध भेगा, सुरकुत्या आणि पॉलिमरचे डाग! जेमतेम ०.६५ नॅनोमीटर जाडीच्या थरावर एवढा कचरा राहिला तर धातूचा संपर्क नीट कसा बसणार?

केओएच टाळून, पॉलिस्टायरीन लावून नुसत्या पाण्याने थर सोडवण्याची पद्धत कुणी स्वतः केली आहे का? कडेनं पाणी आत शिरावं म्हणून नेमकं काय करता? फिल्म टेकवल्यावर वेफर किती तापवता, किती वेळ? पीडीएमएसचा (थर उचलायला वापरतात त्या सिलिकोन रबराचा) अनुभव असेल तर तोही सांगा, मोठ्या क्षेत्रावर तो चालेल का याची मला शंका वाटते. मायक्रोस्कोपचे फोटो हवे असतील तर टाकतो.