मिरवणुकीत सिंबल तडकला तर : तुमची पद्धत सांगा

टेम्पोला हिसका बसतो, स्टँड आडवा होतो आणि ड्रमसेटच्या क्रॅश सिंबलच्या, म्हणजे धातूच्या थाळीच्या, काठाला चीर जाते. पुढे काय करायचं, ते ज्यांनी कानस हातात धरली आहे त्यांनी लिहावं. किस्से नकोत, कृती हवी.

गिरगाव, ड्रमर
आधी चीर संपते कुठे ते शोधा. दिसते त्याच्या थोडी पुढे गेलेलीच असते. काळी मार्करची शाई चोळा, स्पिरिटच्या फडक्याने पुसा. शाई चिरेतच राहते. टोकाच्या एक-दोन मिमी पुढे सेंटर पंच, मग ३ मिमीचा बिट. खाली लाकूड, दोन क्लॅम्प, थेंबभर तेल, मशीन सावकाश. आरपार होताना बिट पत्र्यात अडकतो आणि क्लॅम्प नसेल तर सिंबल गरकन फिरतो, बोटं सांभाळा. भोकाची धार दोन्ही बाजूंनी मारा.

परळ, बेंजो पार्टी
नुसत्या भोकाने चीर थांबते, पण कडा एकमेकींवर घासून झरझर वाजतात. काठाची चीर कापूनच काढा. 'व्ही' खाच नको, तिच्या टोकातून परत चीर निघते. उथळ चंद्रकोर करा. गोल कानस, मग ४०० आणि ६०० चा पॉलिश पेपर. नागदेवी स्ट्रीटला कानशी मिळतात. ग्राइंडर लावलात तर चटका बसायच्या आत पाण्यात बुडवत राहा.

दादर
वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका! बी२० हा सिंबलचा एक धातू, म्हणजे ८० टक्के तांबं, २० टक्के कथील. तापवून पाण्यात विझवल्यामुळेच तो चिवट असतो. वेल्डिंगनंतर तिथे सावकाश थंड होऊन ठिसूळ होतो, शेजारीच नवी चीर. डाग (सोल्डर) दिला तर कंपनाने निखळतो.

भांडुप
मधलं भोक कुलपाच्या भोकासारखं लांबट झालं, तर दोष नायलॉनच्या स्लीव्हचा: ती गळून पडली की स्टँडचे आटे कानशीसारखं काम करतात. खाच घासून गोल करा, नवी स्लीव्ह घाला, ऐन वेळी प्लास्टिक नळीचा तुकडाही चालतो. विंगनट आवळू नका, सिंबल डुलला पाहिजे.

गिरगाव, ड्रमर
काठ दुमडला असेल तर लोखंडी हातोडी नको. दोन लाकडी फळ्यांमध्ये धरून व्हाइसमध्ये हळूहळू दाबा. पूर्ण सरळ करायचा हट्ट धरलात तर घडीवरच तडकतो. थोडा बाक राहू दे, लांबून कोण बघतंय?