फोन म्हणतो पुणे 495 मीटर, स्टेशनवरची पाटी म्हणते 560. समुद्रसपाटी नक्की कुठली धरायची?

सह्याद्री_भटक्या (कोथरूड)

मंडळी, आमच्या ट्रेक ग्रुपसाठी मी एक तक्ता बनवतोय, पुण्याच्या आसपासचे किल्ले, पायथा किती उंचीवर, माथा किती उंचीवर, एकूण चढाई किती असं. आता गंमत बघा, सिंहगडाची उंची सगळीकडे 1312 मीटर दिलेली असते पण माझ्या अँड्रॉइड फोनवरचं अॅप माथ्यावर 1250 च्या आसपास दाखवतं, आणि सोबतच्या मैत्रिणीचा आयफोन तिथेच, त्याच दगडावर ठेवला तर 1310 च्या जवळपास. पुण्यात पण तेच, स्टेशनच्या पाटीवर साधारण 560 आणि फोनवर 495. चूक म्हणावी तर दरवेळी साठ-पासष्ट मीटरचाच फरक येतो, कमी नाही जास्त नाही, म्हणजे काहीतरी कारण असणार.

आणि त्यावरून दुसरा प्रश्न. समुद्र दिवसातून दोनदा वर येतो दोनदा खाली जातो, मुंबईला पावसाळ्यात साडेचार मीटरची भरती वगैरे बातम्या येतात, मग आपण "समुद्रसपाटीपासून" म्हणतो ते कुठल्या समुद्रापासून, कुठल्या वेळच्या? आणि समुद्राची पातळी वाढतेय म्हणतात तर मग सगळ्या उंच्या कमी होत जाणार का? कोणाला नीट माहिती असेल तर सविस्तर सांगा, घाई नाहीये.

लेव्हलिंगवाले_काका (सदाशिव पेठ)

प्रश्न फार चांगला विचारलात. आयुष्यभर लेव्हलिंगचं, म्हणजे एका जागेवरून दुसऱ्या जागेची उंची मोजत नेण्याचं, काम केलंय त्यामुळे थोडं लांबण लागेल.

आधी शून्य कुठून आलं ते बघू. भारतात 1858 पासून लेव्हलिंगची कामं सुरू झाली, सर्व्हे ऑफ इंडियाने नऊ बंदरांत टाइड गेज लावून समुद्राच्या पाण्याची उंची नोंदवली. कराची, मुंबई, कारवार, बेपोर, कोचीन, नागपट्टणम, मद्रास, विशाखापट्टणम आणि ओडिशाचा फॉल्स पॉइंट. मुंबईचं गेज अपोलो बंदरावर, तिथल्या नोंदी 1878 पासूनच्या आहेत, हिंदी महासागरातल्या सगळ्यात जुन्या नोंदींपैकी एक. गेज म्हणजे काय तर समुद्राला जोडलेली एक विहीर, तिला खाली छोटंसं भोक, त्यामुळे लाटांची उसळी आत येत नाही फक्त पाण्याची पातळी हळूहळू वरखाली होते, त्यावर तरंगणारा फ्लोट आणि त्याला जोडलेली पेन, फिरत्या ड्रमवरच्या कागदावर रात्रंदिवस रेघ उमटत राहते. त्या रेघेवरून दर तासाची उंची काढायची आणि वर्षानुवर्षांची सरासरी घ्यायची. पूर्ण सरासरी हवी तर साधारण 19 वर्षं लागतात, कारण चंद्राच्या कक्षेच्या कलण्याचं एक चक्र 18.6 वर्षांचं आहे आणि तेवढ्या काळात भरतीचा जोर थोडा कमीजास्त होत राहतो. तर ही सरासरी म्हणजे मीन सी लेव्हल. तुम्ही किनाऱ्यावर कधीही गेलात तर समुद्र त्या पातळीवर असेल असं नाही, तिथून तो फक्त जाता येता सरकत असतो.

मग या नऊही ठिकाणची सरासरी पातळी शून्य धरली आणि सगळं लेव्हलिंगचं जाळं 1909 मध्ये एकत्र जुळवलं. तिथून दुर्बीण आणि स्टाफ (उभी धरायची मोजपट्टी) घेऊन टप्प्याटप्प्याने देशाच्या आत, घाट चढून, उंची आणत आणत दगडांवर खुणा केल्या, त्या जीटीएस (ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे) बेंचमार्क, म्हणजे उंची पक्की केलेल्या खुणा. मुंबईच्या फोर्ट भागात असे दगड अजून दिसतात, जुन्या चर्चच्या, कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर पण सापडतात. रस्ता रुंदीकरणात असे दगड उखडलेले बघितले की मला खरंच वाईट वाटतं, एकेक खूण तिथपर्यंत आणायला माणसं उन्हातान्हात किती चाललीयेत. हात जोडून विनंती आहे, कुठे दिसला तर हलवू देऊ नका, निदान फोटो काढून सर्व्हे ऑफ इंडियाला कळवा.

स्टेशनवरचे 560 याच जाळ्यातून आलेले. फोनचं मात्र वेगळं आहे, ते कोणीतरी तरुण मंडळी जास्त चांगलं सांगतील.

निळा_ग्रह (पाषाण)

काका, नमस्कार, फार छान सांगितलंत. पुढचं मी सांगते, मी समुद्रविज्ञानातच पीएचडी करतेय.

@सह्याद्री_भटक्या, तुझा फोन चुकत नाहीये, तो दुसरीच गोष्ट मोजतोय. जीपीएसला समुद्र माहीतच नसतो. उपग्रहांवरून अंतर काढून तो सांगतो की तू पृथ्वीच्या एका गणिती आकारापासून किती वर आहेस, हा आकार म्हणजे एलिप्सॉइड, थोडा चपटा केलेला गुळगुळीत गोळा. खरा समुद्र त्या गोळ्याला चिकटून नसतो कारण पाणी गुरुत्वाकर्षणाप्रमाणे वागतं आणि पृथ्वीच्या पोटात वजन सगळीकडे सारखं नाही. जिथे वजन जास्त तिथे पाणी ओढलं जाऊन फुगतं, जिथे कमी तिथे खोलगट राहतं. वारा नाही, भरती नाही, प्रवाह नाही अशा शांत समुद्राचा जो आकार झाला असता त्याला जिओइड म्हणतात. जमिनीखाली पण तो कल्पनेने पुढे नेतात, समज मुंबईपासून पुण्याखालपर्यंत एक लांबच लांब बोगदा खणला आणि समुद्राचं पाणी आत येऊ दिलं तर ते जिथे स्थिरावेल ती इथली समुद्रसपाटी. गवंडी पाण्याच्या नळीने दोन भिंतींवर सारखी खूण करतात ना, तेच, फक्त नळी दीडशे किलोमीटरची.

आता आपल्याकडची खास गोष्ट. जगातला सगळ्यात खोल जिओइड आपल्याच दारात आहे, श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात समुद्राचा पृष्ठभाग एलिप्सॉइडच्या तब्बल 106 मीटर खाली आहे! तिकडे न्यू गिनीच्या बाजूला 80 मीटरपेक्षा जास्त वर. जहाजातल्या माणसाला यातलं काहीच जाणवत नाही कारण त्याचं "खाली" पण त्याच गुरुत्वाकर्षणाने ठरतं, तो उतारावर नसतोच. हा खड्डा का पडला यावर बंगळुरूच्या आयआयएससीतल्या (भारतीय विज्ञान संस्था) संशोधकांनी 2023 मध्ये संगणक मॉडेलवरून असं मांडलं की आफ्रिकेच्या बाजूने आलेलं गरम, हलकं द्रव्य तिथे खाली प्रावरणात (पृथ्वीच्या कवचाखालच्या थरात) आहे आणि त्यामागे टेथिस नावाच्या जुन्या बुडालेल्या समुद्रतळाचा हात आहे. मला हा विषय अतिशय आवडतो, पण थांबते.

तर त्या खड्ड्याचा उतार पार आपल्यापर्यंत पोचतो, पुण्यात जिओइड एलिप्सॉइडच्या साठ-पासष्ट मीटर खाली आहे. म्हणून 495 अधिक 65, झाले तुझे 560. अँड्रॉइडवरची बरीच अॅप्स एलिप्सॉइडवरची उंची तशीच दाखवतात, आयफोन आतल्या आत जिओइडची दुरुस्ती करून दाखवतो. अॅपच्या सेटिंगमध्ये जिओइड करेक्शन किंवा एमएसएल (मीन सी लेव्हल) असं काही असलं तर चालू कर, प्रश्न मिटेल.

हर्णैची_लेक (सिंहगड रोड)

अगं अगदी बरोबर!! आमच्या हर्णैला पुळणीवर उभं राहिलं ना की नवऱ्याचा फोन उणे साठ-पासष्ट दाखवतो, पोरं ओरडायला लागतात आपण पाण्याखाली आहोत म्हणून 😀 आज कारण कळलं.

साडेचार मीटर भरतीचं मी सांगते. तो आकडा समुद्रसपाटीपासूनचा नसतो. भरतीच्या तक्त्यातलं शून्य खूप खालचं असतं, ओहोटीला पाणी जिथपर्यंत मागे जातं साधारण तिथलं, कारण बोटवाल्याला महत्त्वाचं काय, तर कमीत कमी पाणी किती मिळेल. मुंबईला सरासरी समुद्रसपाटी त्या शून्याच्या साधारण अडीच मीटर वर येते. म्हणजे साडेचारची भरती समुद्रसपाटीच्या दोनच मीटर वर. बातमीवाले हे सांगतच नाहीत आणि लोक उगाच साडेचार मीटर उंच लाट येणार म्हणून घाबरतात.

बाकी आमच्याकडे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी फार चढत पण नाही उतरत पण नाही. वेळ काढायची तर तिथीची पाऊणपट, अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, सहाच्या सुमाराला पूर्ण भरती, सकाळी पण आणि संध्याकाळी पण. ढोबळ आहे, पण सुवर्णदुर्गला होडीने जायचं ठरवायला पुरतं. दुसरीकडच्या समुद्राला हेच गणित लावू नका मात्र, आमचे भावजी भावनगरला असतात, तिकडे खंभातच्या आखातात पाणी नरसाळ्यात कोंडतं आणि भरती दहा मीटरपर्यंत जाते, आणि चेन्नईला जेमतेम मीटरभर.

सह्याद्री_भटक्या (कोथरूड)

हे सगळं वाचून डोळे उघडले, काका तुमचे विशेष आभार. पण मग काका, नऊ बंदरांत शून्य सारखंच धरलं म्हणालात, ते खरंच सारखं होतं का? चंद्र सोडून अजून कशाने पातळी बदलते?

लेव्हलिंगवाले_काका (सदाशिव पेठ)

नव्हतं सारखं. लेव्हलिंग करत मुंबईहून विशाखापट्टणमला पोचलं की तिथला समुद्र साधारण 30 सेंटिमीटर वर भरतो. हे कोडं बरीच वर्षं होतं.

तसंच युरोपातलं एक उदाहरण आमच्या लाइनीत सगळ्यांना माहीत आहे. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये लाउफेनबुर्गला ऱ्हाइन नदीवर पूल बांधत होते. जर्मन लोक उंची धरतात उत्तर समुद्रावरून, स्विस धरतात भूमध्य समुद्रावरून, दोन्हीत 27 सेंटिमीटरचा फरक. तो माहीत होता, हिशोबात धरला पण होता, पण बेरजेच्या जागी वजाबाकी झाली आणि 2003 मध्ये लक्षात आलं की दोन बाजू 54 सेंटिमीटरने चुकतायत. जर्मन बाजू खाली करावी लागली. म्हणून आम्ही नव्या पोरांना सांगायचो, आकड्याशेजारी डेटम (शून्य कुठलं धरलं ते) लिहिल्याशिवाय नकाशा टेबलावरून हलवायचा नाही.

निळा_ग्रह (पाषाण)

विशाखापट्टणमचं कोडं गोव्याच्या एनआयओतल्या (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) शास्त्रज्ञांनी सोडवलं, मुख्य कारण मीठ. बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी एवढं गोडं पाणी ओततात, शिवाय पाऊस. गोडं पाणी हलकं, तेवढ्याच वजनाला जास्त जागा लागते म्हणून पातळी वर. अरबी समुद्रात बाष्पीभवन जास्त, पाणी खारट आणि जड, म्हणून खाली. पनामाला पण पॅसिफिकची बाजू अटलांटिकपेक्षा साधारण 20 सेंटिमीटर वर आहे, त्यातही खारटपणाचा मोठा वाटा.

मग वारा आणि प्रवाह. केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यावर ऐन पावसाळ्यात, नद्या भरभरून वाहत असताना, समुद्राची सरासरी पातळी उलट कमी असते आणि हिवाळ्यात जास्त. मान्सूनमध्ये किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, खालचं गार पाणी वर येतं, हिवाळ्यात प्रवाह उलटतो आणि हलकं पाणी किनाऱ्याशी साचतं.

हवेचा दाब पण आहे. दाब 1 हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचं एकक) उतरला की समुद्र साधारण 1 सेंटिमीटर वर येतो. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबाग-श्रीवर्धन पट्ट्यात आलं तेव्हा केंद्रातला दाब नेहमीपेक्षा वीसहून जास्त उतरलेला होता, म्हणजे नुसत्या दाबाने वीसेक सेंटिमीटर, आणि वारा पाणी किनाऱ्यावर ढकलतो ते वेगळं, खरी भीती त्याचीच.

आणि कधी कधी जमीनच हलते. 2004 च्या डिसेंबरच्या भूकंपात ग्रेट निकोबारचं इंदिरा पॉइंट सव्वाचार मीटर खचलं, दीपगृहाचा पाया पाण्यात गेला. उलट स्टॉकहोमला समुद्र दरवर्षी खाली जाताना दिसतो कारण हिमयुगातल्या बर्फाचं ओझं उतरल्यावर जमीन अजून वर येतेय.

कॅम्पातला_वाचक

मग हे पातळी वाढतेय म्हणतात ते पण जमीन हलण्यामुळेच असेल की. मुंबईचं गेज शंभर वर्षात फार काही दाखवत नाही असं वाचलंय.

निळा_ग्रह (पाषाण)

नाही हो दादा. एका गेजवरून जगाचा निष्कर्ष काढता येत नाही, वर सांगितलेल्या सगळ्या गोष्टी त्यात मिसळलेल्या असतात. मुंबईच्या गेजवर विसाव्या शतकातली वाढ वर्षाला एक मिलिमीटरपेक्षा कमी दिसते हे खरं, पण 1993 पासून उपग्रह वरून रडारने सगळा समुद्र मोजतायत, आपल्या इस्रोचा आणि फ्रान्सचा मिळून सरल नावाचा उपग्रह पण 2013 मध्ये त्यासाठी गेला, आणि जगाची सरासरी तेव्हापासून साधारण 10 सेंटिमीटर वाढलीये. 1901 ते 2018 मध्ये एकूण वाढ 20 सेंटिमीटर, म्हणजे वेग वाढतोय हे तुम्हीच बघा. कारणं दोन मोठी, पाणी तापून फुगतंय आणि जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्रात येतोय. आधीच तरंगणाऱ्या बर्फाने जवळजवळ फरक पडत नाही.

दहा सेंटिमीटर म्हणजे वीतभर पण नाही असं वाटतं ना? पण भरती त्याच्यावर चढते, वादळाचं पाणी त्याच्यावर चढतं. मुंबईत पावसाचं पाणी समुद्रात सोडणाऱ्या बऱ्याच नाल्यांची तोंडं मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहेत, भरतीत ती बंद ठेवावी लागतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा वर समुद्राला पण भरती होती. आपण पुणेकर 560 मीटरवर बसून हा विषय लांबचा समजतो, मला ते अजिबात पटत नाही.

सह्याद्री_भटक्या (कोथरूड)

पटलं. शेवटचं विचारतो, मग कळसूबाईचे 1646 मीटर कमी होणार का? तक्त्यात काय लिहू?

लेव्हलिंगवाले_काका (सदाशिव पेठ)

1646 च लिहा. शून्य जुन्या नोंदींवरून ठरवून बेंचमार्कच्या दगडांवर बांधून ठेवलंय, आजचा समुद्र वर आला म्हणून ते आपोआप सरकत नाही. सर्व्हे ऑफ इंडिया नवीन डेटम लागू करेल तेव्हाच अधिकृत आकडे बदलतील, ते पण सगळे एकदम. तोपर्यंत तक्त्याच्या डोक्यावर "उंची समुद्रसपाटीपासून, मीटरमध्ये" लिहा आणि फोनवरून घेतलेले आकडे असतील तर त्यात दुरुस्ती केली आहे की नाही ते प्रत्येक किल्ल्यापुढे लिहा. चढाई काढताना पायथा आणि माथा दोन्ही एकाच फोनवर घेतले असतील तर वजाबाकी बरोबरच येईल, तिथे काळजी नको. तक्ता झाला की इथे टाका, मी तपासून देतो.