अनुभव धागा : बेक्वे ते टोबॅगो कीज, बोट सोडून किनाऱ्यावरचा दिवस

डिसेंबर ते एप्रिल हा सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनाडीन्स या कॅरिबियनमधल्या बेटांच्या देशातला शिडाच्या बोटींचा हंगाम. बोट भाड्याने कशी घ्यायची यावर ढिगाने माहिती मिळते, पण नांगर टाकल्यावर पुढे काय, हे कोणी लिहीत नाही. सहा-आठ जणांचा कंपू आणि डिंगी (मोठ्या बोटीवरून किनाऱ्यावर ये-जा करायची छोटी इंजिनवाली होडी) एकच, असं धरून नेमकं लिहा. 'लय भारी, जाच' एवढंच असेल तर राहू द्या.

खारावारा : सगळा दिवस डिंगीवर अवलंबून असतो, तेव्हा आधी तीच. बेक्वे बेटावरच्या पोर्ट एलिझाबेथ गावच्या धक्क्यावर बांधायचा दोर लांब सोडा, नाहीतर मागून येणाऱ्यांना धक्क्याला लागताच येत नाही. इंजिन पाण्यातच राहू द्या. वर उचललेला पंखा शेजारच्याची रबरी डिंगी फाडतो. इथे भरती-ओहोटीचा फरक जेमतेम अर्धा मीटर, पण राजधानी किंग्सटाउनची फेरी बोट आली की उसळी येते. डिंगी धक्क्याखाली सरकते आणि वर उठताना अडकून चेपते. म्हणून मागच्या बाजूने छोटा नांगर टाकून ती धक्क्यापासून ओढून धरायची. कुलूप लावाल ते तारेच्या दोराचं, आणि तो दोर इंजिनाच्या हँडलमधून नि पेट्रोलच्या टाकीच्या हँडलमधूनही ओवलेला हवा.

वाळूवर उतरताना घाई नको. बाहेर थांबून लाटा बघा. मोठ्या दोन-चार येऊन गेल्या की मध्ये उसंत मिळते, तेव्हाच सरळ आत या. तिरके आलात की लाट डिंगी आडवी करते. पाणी गुडघ्याएवढं झालं की इंजिन बंद करून वर उचला, दोघांनी दोन्ही बाजूंनी उतरून ओढा. उशीर केला तर इंजिन वाळू ओढून घेतं. परत निघताना इंजिनामागची पाण्याची बारीक धार बघा. ती येत नसेल तर इंजिन लगेच बंद, नाहीतर तापून बसेल. निघतानाही डिंगीचं तोंड समुद्राकडे धरून कंबरभर पाण्यात न्या आणि मगच इंजिन चालू करा. किल कॉर्ड (चालवणारा पडला तर इंजिन बंद पाडणारी दोरी) मनगटाला हवीच, अंतर शंभर मीटरचं असलं तरी.

गाठनिरगाठ : टोबॅगो कीजला धक्का नाही, दुकान नाही, गोडं पाणी नाही. पाच निर्जन बेटं आणि पूर्वेला हॉर्सशू रीफ, म्हणजे प्रवाळाची रांग. रीफ लाटा अडवतं, वारा नाही. तो १५-२० नॉट (ताशी सागरी मैल) वेगाने सरळ अंगावर येतो. चार मीटर पाण्यात २५-३० मीटर साखळी सोडा, नांगर फक्त वाळूत टाका. बोट सोडण्याआधी स्नॉर्कल लावून नांगर रुतलाय का ते डोळ्यांनी बघा, आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून ठेवा. दुपारी त्या सरकलेल्या दिसल्या तर नांगर घसरतोय.

सागरी उद्यानाची फी रेंजर बोटीवर येऊन घेतो. रोख ठेवा. ईस्ट कॅरिबियन डॉलरचा दर ठरलेला आहे, १ अमेरिकी डॉलरला २.७०. कासवं बाराडल बेटाजवळ, दोरांनी आखलेल्या भागात. तिथे डिंगी बाहेरच्या तरंगत्या बोयाला बांधून पोहत जायचं. पेती बातो बेटावर लॉबस्टर भाजून देतात. सकाळी बोटीशी येणाऱ्या माणसाशी भाव, माणसं आणि वेळ ठरवून टाका, आणि भाव कुठल्या डॉलरमध्ये तेही विचारा. १ मे ते ३१ ऑगस्ट लॉबस्टर पकडायला बंदी असते.

निवळशंख : दोन इशारे. किनाऱ्यावरची सावली देणारी सगळी झाडं बसायची नसतात. मँचिनील नावाच्या झाडाला छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं येतात. चीक कातडी भाजतो, फळ विषारी, लाकडाचा धूर डोळ्यांना वाईट. पावसात त्याखाली उभं राहिलं तर ठिबकणाऱ्या पाण्यातूनही चीक अंगावर येतो. काही ठिकाणी खोडावर लाल पट्टा असतो, पण पट्टा नाही म्हणून निर्धास्त राहू नका. दुसरं, लष्करी छापाचे कपडे या देशात बेकायदा आहेत, लहान मुलांची टोपीसुद्धा.

संध्याकाळ फसवते. जानेवारीत सहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि अर्ध्या तासात काळोख. बेक्वेच्या ॲडमिरल्टी बे या उपसागरात सगळ्या बोटींचे पांढरे दिवे सारखेच दिसतात, म्हणून जातानाच मागच्या रेलिंगला रंगीत सौर दिवा अडकवा. डिंगीत टॉर्च हवा. रात्री डिंगी पाण्यात सोडू नका, वर उचलून कुलूप लावा.

अळूवडी : शाकाहाऱ्यांसाठी. कॅललू म्हणजे आपल्या अळूच्याच जातीच्या पानांचं सूप. चव ओळखीची लागेल, पण त्यात बहुधा खारवलेलं मांस किंवा खेकडा असतो. विचारल्याशिवाय मागवू नका. नीरफणस मात्र बिनधास्त घ्या. ब्रिटिश आरमाराच्या कॅप्टन ब्लायने तो १७९३ मध्ये सेंट व्हिन्सेंटला आणला. इथे अख्खा विस्तवावर काळा होईपर्यंत भाजतात, मग साल काढून फोडी. कोकणातल्या कापांपेक्षा कोरडा लागतो, लोणी हवंच.

रोटी म्हणजे रस्सा गुंडाळलेली मोठी पोळी. १८६१ पासून आलेल्या हिंदुस्थानी गिरमिटियांच्या (करारावर आणलेल्या मजुरांच्या) स्वयंपाकाशी तिचं नातं आहे. चिकनची घेतलीत तर हाडासकट की बिनहाडाची ते आधी सांगा. न सांगता हाडं पोळीच्या आतच निघू शकतात.