मूळ अवयव की अविभाज्य घटक?

रानवारा: मुलांच्या एका अंकासाठी ४२९४९६७२९७ या संख्येवरचा लेख अनुवादते आहे. दोनाचा बत्तिसावा घात अधिक एक. गणितज्ञ फर्माला ती मूळ संख्या वाटली होती. १७३२ मध्ये ऑयलरने तिचे ६४१ आणि ६७००४१७ असे मूळ अवयव पाडले. संपादकांनी 'मूळ अवयव' खोडून 'अविभाज्य घटक' केलंय. अवयव म्हणजे हातपाय, मुलं हसतील म्हणे. आपण शाळेत अवयवच पाडायचो ना?

खडूफळा: पाडायचोच की! पाठ्यपुस्तकात मूळ संख्या, संयुक्त संख्या, मूळ अवयव हेच आहे. 'अविभाज्य' हिंदीच्या 'अभाज्य'वरून घुसलंय.

पंतोजी: घुसलंय कसलं? शब्द संस्कृत आहे, कुणाच्या बापाचा नाही. घोटाळा 'मूळ'नेच होतो. '६४१ ही मूळ संख्या' वाचून भाचीने विचारलं, कशाचं वर्गमूळ?

खडूफळा: ४१०८८१ चं. सांगायचं होतं तिला.

आडवाट: अविभाज्य तरी कुठे? सात भाकऱ्या दोघांत वाटा, प्रत्येकी औट, म्हणजे साडेतीन येतात. आजीची औटकी अजून कानात आहे: औट एके औट, औट दुणे सात.

पंतोजी: अहो, इथे निःशेष भाग जायला हवा. भाकरी मोडायची नाही.

खडूफळा: ऑयलरने सगळ्या संख्या चाळल्या नाहीत, हे लेखात आहे का? या संख्येला भाग जाणारी मूळ संख्या ६४ च्या पटीत एक मिळवूनच मिळणार, हे त्याने हेरलं. मग १९३, २५७, ४४९, ५७७ आणि पाचवी थेट ६४१. मुलांना हे करायला लावा, शब्द कुठलाही चालेल.

रानवारा: आहे, पण त्या वाक्यातही 'घटक'च केलंय.

पंतोजी: मग 'दृढ' घ्या! लीलावतीतला शब्द आहे.

खडूफळा: तिथल्या कुट्टकातला, म्हणजे समीकरण सोडवायच्या रीतीतला 'दृढ' जोडीसाठी आहे हो. सामाईक भाजकाने छेदून उरलेले भाज्य-भाजक ते दृढ. त्याला आपण सहमूळ म्हणतो. एकट्या ६४१ ला दृढ कसं म्हणणार?

आडवाट: 'औट घटकेचा राजा' मधला औट हाच बरं का. अर्धचतुर्थ, प्राकृतात अद्धुट्ठ, मग औट. चौथा अर्धाच, म्हणून साडेतीन.

पंतोजी: हे मात्र झकास. 'अडीच'ही तसाच, अर्धतृतीय.

रानवारा: आणि अक्षरी लिहिताना चार अब्ज एकोणतीस कोटी, की चारशे एकोणतीस कोटी?

खडूफळा: चारशे एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. अब्ज कोण बोलतं?

पंतोजी: मी बोलतो. अब्ज, खर्व, निखर्व, प्रत्येक पायरी दसपट. हिंदीवाल्यांचा खरब आपल्या खर्वाच्या दसपट आहे, तिथे जपा.

रानवारा: खर्वापर्यंत जायचंच नाहीये! अवयव की घटक? तासाभरात पानं छपाईला जातील.

आडवाट: औट घटका म्हणजे चौऱ्याऐंशी मिनिटं. थोडी वाढवून मागा, ताई.