थंडीत रडणाऱ्या पोराला पहाटे टेकडीवर ओढून नेऊ नका

टेकडीवाली
काल सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांची पोस्ट आली. मुलांना थंडीत साडेपाचला उठवा, रडली तरी टेकडीवर न्या, आठवडाभरात सवय लागते, हल्लीचे आईबाप पोरांचे फाजील लाड करतात. खाली अंगठ्यांची रांग. मला राहवेना, म्हणून इथे लिहितेय.

मागच्या डिसेंबरात मी हेच केलं. मुलगा सात वर्षांचा. बनियन, स्वेटर, वर जॅकेट, कानटोपी, आणि पुण्यातली आमची वेताळ टेकडी. तिसऱ्या दिवशी त्याने चढावरच बसकण मारली. मी दंडाला धरून उठवलं. हात गारठलेले आणि स्वेटर आतून घामाने चिंब. घाम निवल्यावर तो जास्तच कुडकुडला. त्यानंतर बुटांची नाडी बांधायला घेतली तरी त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. ते मी केलेलं आहे, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

जानेवारीत एका रविवारी साडेनऊला गेलो. ऊन आलेलं, खिशात तिळाच्या वड्या, कुठवर जायचं ते ठरवलेलं नाही. टेकडीवरच्या जुन्या खाणीच्या कडेला दगडावर थिरथिरा पक्षी बसला होता. काळसर अंग, तांबूस शेपूट, आणि ती शेपूट सारखी थरथरत होती. "आई, यालापण थंडी वाजतेय!" हा हिवाळ्यापुरता हिमालयाकडून खाली येतो म्हटल्यावर म्हणाला, "मग याला इथे उकडत असेल ना?" आम्ही तिथे पाऊण तास बसलो. चाललो जेमतेम अर्धा किलोमीटर. पुढच्या शनिवारी बूट त्याने स्वतः काढून ठेवले.

पर्वतीकर
ताई, तुमच्या मुलाला पक्षी भेटला, आनंद आहे. रोज भेटणार आहे का? वडील आम्हा तिघा भावंडांना पर्वतीवर न्यायचे. १०३ पायऱ्या, थंडी असो वा नसो. रडायचो, तरी चढायचो. आज अठ्ठावन्नाव्या वर्षी मी न थांबता चढतो. शिस्त आधी, गोडी मागून. आणि रविवार सोडून साडेनऊला कोण मोकळं असतं? पोरं शाळेत असतात.

टेकडीवाली
काका, तुमच्या भावंडांपैकी आज किती जण चढतात?

पर्वतीकर
मी एकटा. पण त्याचा इथे संबंध नाही.

दमाग्रस्ताची_आई
संबंध हवेचा आहे, आणि त्यावर कुणीच बोलत नाहीये. माझी मुलगी पहाटेच्या फिरण्यापायी दोनदा नेब्युलायझरवर गेली. थंडीत रात्री जमीन निवते, गार हवा खाली बसते आणि वरचा उबदार थर झाकणासारखा राहतो. सगळा धूर खालीच कोंडतो. ऊन तापल्यावर नऊ-दहाला झाकण उघडतं. आपल्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं 'सफर' आहे, त्यात हवेतल्या प्रदूषणाचे आकडे मिळतात; सकाळी सातचा आणि दुपारी चारचा आकडा रोज बघा. आम्ही आता साडेचारला जातो. मुलगी पळते.

पर्वतीकर
तो थर खाली शहरावर असतो. टेकडीच्या माथ्यावरून तपकिरी पट्टा स्पष्ट दिसतो, म्हणजे आपण त्याच्या वर असतो.

दमाग्रस्ताची_आई
माथ्यावर विमानाने जाता का? त्याच पट्ट्यातून धापा टाकत चढावं लागतं.

पर्वतीकर
हे मान्य. एवढंच मान्य.

पाचोळा_विरोधी
आणि हा धूर येतो कुठून? आमच्या गल्लीत सकाळी सहाला झाडलोट झाली की पाल्याचा ढीग पेटवतात, त्यात प्लॅस्टिकही. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली. ५,००० रुपये दंड, मोठ्या प्रमाणावर असेल तर २५,०००. मी चार वेळा तक्रार केली, फोटो दिले. काही नाही. वॉचमनच्या शेकोट्या वेगळ्याच. त्या आधी बंद करा, मग मुलांच्या फिरण्याचं बोला.

रात्रपाळी
वॉचमनवर घसरू नका. माझे वडील बावीस वर्षं रात्रपाळीचे वॉचमन होते. पत्र्याची केबिन, दार नाही, पहाटे चारला बोटं वाकत नाहीत. तुम्ही चार तक्रारी केल्यात, त्या माणसाला एक घोंगडी दिलीत का?

पाचोळा_विरोधी
घोंगडी देणं सोसायटीचं काम आहे. माझ्या घरात धूर येतो त्याचं काय?

रात्रपाळी
सोसायटी म्हणजे तुम्हीच ना!

दमाग्रस्ताची_आई
दोघांनी आवाज खाली घ्या. आम्ही वर्गणी काढून केबिनला दार आणि हीटर बसवला. शेकोटी थांबली. पाल्यासाठी खताचा खड्डा केला. भांडून नाही झालं हे.

रात्रपाळी
हे तुम्ही केलंत, तुम्हाला मानलं. त्यांना नाही.

निफाडकर
हे सगळं वाचून शहरातली चैन वाटते. इकडे पारा पाचच्या खाली गेला तरी पोरं दोन किलोमीटर चालत शाळेत जातात, त्याला कुणी 'फिरायला नेणं' म्हणत नाही. आणि शेकोटीचं म्हणाल तर घड सुटलेल्या द्राक्षबागेत आम्ही रात्री मुद्दाम धूर करतो, पहाटे ठिबक सोडतो, नाहीतर थंडीने मणी तडकतात. वर्षाची कमाई जाते.

पण एक सांगतो. माझा धाकटा शाळेसाठी उठता उठत नाही. बागेत जायचं म्हटलं की तीनला आपणहून उठतो, बॅटरी घेऊन पुढे चालतो, ओळी मोजतो. कुठल्या ओळीची शेकोटी विझली ते मला ओरडून सांगतो. त्याला तिथे काम आहे. तुमच्या पोराला पक्षी मिळाला, माझ्याला बॅटरी.

टेकडीवाली
दादा, हेच मला म्हणायचं होतं आणि नीट सांगता आलं नाही. माझा आता थिरथिऱ्यांची वही ठेवतो. काका, शाळेचं म्हणालात, तर २०२४च्या फेब्रुवारीत शासनानेच चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं, मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून. ती झोप आपण टेकडीसाठी मोडायची का?

पर्वतीकर
माझं मत बदललेलं नाही. मुलांना थोडी थंडी सोसलीच पाहिजे. तो पक्षी कुठल्या महिन्यापर्यंत असतो?

टेकडीवाली
मार्चपर्यंत दिसतो. खाणीच्या कडेचे मोठे दगड बघा. कुणाला नेताय?

पर्वतीकर
नातीला. पाच वर्षांची आहे. रविवारी आठला निघू. साडेनऊला नाही.

दमाग्रस्ताची_आई
एकच जाड कपडा घालू नका, दोन-तीन पातळ घाला. चढावर एकेक काढता येतो.

पाचोळा_विरोधी
आज सकाळी पुन्हा पेटवलंय. खताच्या खड्ड्याला जागा किती लागते?