साठीनंतर घरबसल्या ऑनलाइन काम: मला मानवलं, तुमचं काय?

सातपूरकर
परवा मेहुणा म्हणाला, "आता तरी निवांत बसा की! त्या कॉम्प्युटरसमोर काय ठेवलंय?" तिथे नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहितो.

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत अकाउंट्सला एकतीस वर्षं काढली. ५८ व्या वर्षी निवृत्त झालो. ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफ खात्याकडून मिळणारी पेन्शन ३,१०० रुपये, त्यातली निम्मी आम्हा दोघांच्या गोळ्यांत जाते. पण कारण फक्त पैशाचं नाही. निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष फार वाईट गेलं. फर्स्ट शिफ्टच्या सवयीने सहाला जाग यायची आणि पुढे अख्खा दिवस रिकामा.

आता चार दुकानांचे टॅली सॉफ्टवेअरवरचे हिशेब आणि जीएसटी घरून बघतो. बिलांचे फोटो व्हॉट्सॲपवर येतात. ११ तारखेला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीच्या तपशिलाचं रिटर्न, २० ला ३बी म्हणजे कर भरायचं रिटर्न. तेवढे दोन-चार दिवस रात्री अकरापर्यंत बसतो, एरवी दुपारी मस्त झोप काढतो. गुडघे गेलेत, द्वारका चौकातून स्कूटर काढायची आता हिंमत होत नाही. डोकं मात्र चालतं. मागच्या महिन्यात पंचवटीतल्या हार्डवेअरवाल्याचं खरेदीचं एकच बिल एकदा '०४७' आणि एकदा '४७' असं दोनदा चढलं होतं. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट (क्रेडिट) दोनदा घेतली गेली असती, पुढे नोटीस आली असती. ते सापडलं तेव्हा जो आनंद झाला, तो मेहुण्याला कसा सांगू?

जॉगिंग ट्रॅक
मला नाही पटत. मीही निवृत्त आहे. सकाळी कृषीनगरच्या ट्रॅकवर चार माणसं भेटतात, मग 'सावाना'त, म्हणजे सार्वजनिक वाचनालयात पेपर वाचतो. १८४० सालचं वाचनालय आपल्या गावात आहे, तिथे जायला वेळ मिळाला तो आत्ता. घरून काम म्हणजे घरातच कोंडून घेणं. दोन वर्षांनी लोक तुम्हाला विसरतील.

सातपूरकर
मित्रा, तुमची पेन्शन सरकारी असेल तर हे बोलणं सोपं आहे. ईपीएसची किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपयांवर आहे. तेवढ्यावर महिना काढणारे माझ्या ओळखीत आहेत.

सिडकोची मावशी
मी मराठी भाषांतराचं काम घरून करते, शब्दागणिक पैसे. काम आवडतं, पण बाईमाणसासाठी 'घरून' हा शब्दच घात करतो. काका, तुम्ही लॅपटॉप उघडला की घर गप्प होत असेल. मी उघडला की दारात कुरिअर, गॅसवर दूध आणि नातू मांडीवर. "आई घरीच तर आहे" हे दिवसातून दहादा ऐकते. शेवटी मी दार लावून घ्यायला लागले. सुनेला राग आला, आठवडाभर अबोला होता. आता दहा ते एक दार बंद असतं, सगळ्यांना माहीत आहे.

आणि एक कळकळीने सांगते. सुरुवातीला मी 'घरबसल्या टायपिंग'च्या जाहिरातीला भुलले. आधी नोंदणीचे अडीच हजार घेतले, मग "अचूकता कमी, करार मोडला" म्हणून वकिलाच्या नावाने धमकीचे फोन. आठ दिवस जेवण गेलं नाही. काम देण्याआधी जो पैसे मागतो तो चोरच. पैसे गेलेच तर लाजू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

बीकॉम २६
काका, वडीलधारे आहात, राग मानू नका. मीही टॅली आणि रिटर्नचंच काम करतो. महिन्याला दीड हजार सांगितले की दुकानदार म्हणतो, "एक रिटायर्ड गृहस्थ पाचशेत करून देतात." तुमचं घर स्वतःचं आहे, मी भाड्याने राहतो. तुमचा वेळ छान जातो, पण त्यात माझा भाव पडतो. दुपारची झोप आणि बिलाचा आनंद वाचला, आणि खरं सांगतो, पोटात कालवलं.

सातपूरकर
हे लागलं. हो, मी पाचशेच घेतो. आपल्याला कशाला जास्त, असंच वाटायचं. दुसऱ्याच्या ताटाचा विचारच आला नाही. पुढच्या महिन्यापासून हजार सांगतो, एखादं दुकान गेलं तर गेलं. काम सोडणार नाही, ते मला जमणार नाही.

बीकॉम २६
हजारसुद्धा कमीच आहेत, काका. दुकानदार माझ्याकडे नाही वळणार, तुमच्याकडेच राहील. अनुभवाचे पैसे माझ्यापेक्षा जास्त मागा ना, कमी का?

जॉगिंग ट्रॅक
पोरगं बरोबर बोलतंय.

सातपूरकर
दीड हजार मागायला जीभ रेटेल का, बघतो. आज १८ तारीख, दोघांची ३बी बाकी आहे. मावशी, तो १९३० नंबर सोसायटीच्या फलकावर लावतोय.